आज्ञापत्रातील जमाखर्चाचा विचार

जुन्नर व आंबेगाव हे कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील तालुके होत. मराठी राज्याच्या अर्थनीतीचा विचार येथून आरंभिण्यास सबळ कारण आहे. १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १६५७ साली त्यांनी मोगलांचे जुन्नर शहर लुटले. तथापि शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. लूट हाती आली, मुलूख आला नाही. लूट एकदा येते व खर्ची पडते. वसूल दरसाल येतो. मग दरसालच्या फौजेचा खर्च कशावर चालवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा मराठीतील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे १७१५च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’.

परंपरेने हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. अमात्यपद हे जमाखर्चाचे. परंतु राजाराम महाराज जिंजीस असता, १६८९ पासून, महाराष्ट्रातील युद्धाचा भार पंतांनीच वाहिला. तलवार व वही यांचा असा संयोग विरळा. त्याचा ठसा ग्रंथावर स्पष्ट आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकता त्यासाठी मुलूख नेमून द्यावा, असे तेथे प्रतिपादिले आहे. कारण तसे न केल्यास सावकारांस उपद्रव होऊन बंदरेच बुडतील. सेवकास बक्षीस द्यावे, पण इनाम जमीन देऊ नये, हाही त्याच विचाराचा भाग. बक्षिसाचा खर्च एका वर्षापुरता असतो. इनामाने जमेची बाजू कायमची उणी होते. आवर्ती व अनावर्ती खर्चातील हा भेद आजच्या अंदाजपत्रकासही परका नाही.

भाषेचा विचार करता एक गोष्ट लक्षात येते. राजधर्माचे विवेचन चालते तेव्हा संस्कृत शब्द पुढे येतात. पैशाचा विषय निघताच खजिना, वसूल, वतन, इनाम हे फारसी-अरबी शब्द येतात. शिवकाली राज्यव्यवहारकोशाने पर्यायी शब्द सुचविले असूनही दफ्तराची भाषा बदलली नाही, याचे हे प्रमाण होय.

ग्रंथाची उणीवही भाषेतच दिसते. ‘करावे’, ‘ठेवावे’ अशी विध्यर्थी क्रियापदे नियम सांगतात. तो मोडल्यास कोणी आवरावे, हे सांगत नाहीत. राजानेच इनामे वाटली तर अमात्याने काय करावे? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. राजारामकालात सरदार टिकविण्यासाठी वतने व इनामे द्यावी लागली, आणि तो कारभार पंतांच्याच हाती होता. अमात्य घराण्याची बावड्याची जहागीर तर पुढे विसाव्या शतकापर्यंत चालली. म्हणून वतनाविषयीचा ग्रंथातील कठोरपणा हा केवळ उपदेश न वाटता अनुभवाने आलेला पश्चात्तापही वाटतो.

१९५० च्या संविधानातील २०२ व्या अनुच्छेदाने राज्याचे वार्षिक वित्तीय विवरणपत्र विधिमंडळापुढे ठेवणे आवश्यक केले. २००५ साली महाराष्ट्राने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदाही केला. पंतांच्या विध्यर्थास जो कर्ता नव्हता, तो येथे मिळाला. मात्र कर्ता मिळाला म्हणजे संयमही आला, असे नव्हे. नियम करणारा आणि नियम मोडण्याचा मोह होणारा पुष्कळदा एकच असतो, हे ‘आज्ञापत्र’ त्याच्या कर्त्याच्या चरित्रासह वाचले असता उमगते. या ग्रंथाचे खरे मोल तेथेच आहे.