नृत्यातील पकड आणि तोल

बॉलरूम नृत्याची चर्चा आपल्या समाजात निघते तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: नाचणाऱ्या जोडीत अंतर किती होते? घरातील वडीलधारी मंडळी आणि आम्ही धर्मगुरू, दोघांनीही हीच मोजपट्टी वापरली. आम्हांस ती अपुरी वाटते. कलेच्या अंगाने पाहू जाता, दोघांपैकी प्रत्येक जण स्वतःच्या पायांवर उभा आहे काय, आणि दुसऱ्याचा तोल सांभाळतो आहे काय, हे आधी पाहावे लागते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ख्रिस्ती कुटुंबांचे गोव्याशी जुने नाते आहे. म्हणून आरंभ मांडोपासून करू. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत रुजलेल्या या नृत्यात स्त्रिया व पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. रांगा संथपणे जवळ येतात, एकमेकींतून पार होतात, पुन्हा वळतात. पानो-बाजू ल्यालेल्या स्त्रीच्या हाती पंखा असतो. व्हायोलिन आणि घुमट साथीला असतात. स्पर्श जवळजवळ नाहीच. तरीही कोण कोणाबरोबर नाचते आहे याविषयी पाहणाऱ्याला शंका उरत नाही. पाठ ताठ, मान किंचित कललेली, आणि जोडी बांधून ठेवण्याचे सारे काम नजरेकडे.

युरोपातील मिनुएटमध्येही हात हाताला लागे तो जेमतेम. वॉल्ट्झने मात्र पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर नेला आणि गदारोळ उडाला. १८१६ साली इंग्लंडच्या राजप्रतिनिधीने दिलेल्या मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याला असभ्य ठरविले. पुढे १९१४ मध्ये पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल आमेत यांनी टँगोचा निषेध केला. या टीकाकारांच्या नजरेतून एक साधी गोष्ट निसटली. वेगाने गरगरणाऱ्या दोन देहांना बाहेर फेकले जाण्याची ओढ असते. एकमेकांना धरल्यावाचून ते एका वर्तुळात राहूच शकत नाहीत. हे आपल्या कोकणातील बायकांना कोणी शिकवायला नको. गौरीपुढे फुगडी घालताना हातांची अढी घालून दोघी मागे रेलतात. एकीने हात सोडला तर पडतात दोघी. वॉल्ट्झच्या पकडीचे मूळही याच गरजेत आहे.

विसाव्या शतकात ही पकड शास्त्रशुद्ध झाली. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झची मिनिटाला सुमारे साठ आवर्तने असतात. इंग्लंडमध्ये मुरलेला संथ वॉल्ट्झ त्याच्या निम्म्या गतीचा. गती उतरली तशी पावले लांबली, आणि बॅलेप्रमाणे बाहेर वळविलेल्या पावलांची जागा नेहमीच्या चालीतील सरळ पावलांनी घेतली. १९२२ साली जागतिक स्पर्धा जिंकणारा व्हिक्टर सिल्व्हेस्टर, त्याचे १९२७ चे पाठ्यपुस्तक, आणि १९२४ साली लंडनच्या इम्पीरियल सोसायटीने स्थापिलेली बॉलरूम शाखा यांनी नियम बांधून दिले. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, दोघे समोरासमोर पण किंचित एका बाजूस सरकलेले. दोघांनी आपापले वजन आपणच पेलायचे. देह जवळ आले, पण कोणी कोणावर भार टाकीत नाही, ही या शिस्तीची खरी मिळकत होय.

स्पर्धांच्या मंचावर पुढे हीच पकड रुंदावली. कोपर बाजूंना ताणलेले, स्त्रीचा वरचा देह डावीकडे व मागे कमानीसारखा झुकलेला. दूरच्या परीक्षकाला आकृती ठसठशीत दिसावी, हा त्यातील हिशेब. कौशल्य थोर आहे हे मान्य. परंतु दोघांचीही मुद्रा आता प्रेक्षकाकडे वळलेली असते. मांडोतील नजर येथे हरवली आहे.

उलट टोक आपल्या लग्नमंडपात दिसते. १९६० नंतर ट्विस्टने जोडीला पकडीतून मोकळे केले. प्रत्येक जण सुटा नाचू लागला. आज नवदांपत्याचा पहिला नाच वॉल्ट्झ म्हणून पुकारला जातो, पण पुष्कळदा वधूचे दोन्ही हात वराच्या गळ्यात, त्याचे तिच्या कमरेवर, आणि दोघे जागच्या जागी डुलत असतात. यात अनीती शोधणे आम्हांस हास्यास्पद वाटते. उणीव आहे ती कलेची: पाठ वाकलेली, भार दुसऱ्याच्या मानेवर, आणि पाऊल टाकायला जागाच नाही.

जुन्या पकडीची भलावण करताना तिच्यातील दोष झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिशा पुरुषाने ठरवायची, स्त्रीने मागे पाऊल टाकीत जायचे. आमंत्रणही त्यानेच द्यायचे आणि तिने भिंतीलगतच्या खुर्चीवर वाट पाहायची, ही रीत आजच्या मुलींनी का मानावी? दिशा आलटून पालटून दोघांनी ठरवावी. पकडीला त्याने बाध येत नाही.

म्हणून लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींना आमचे सांगणे एवढेच, की मंडपाची सजावट ठरविताना आठ-दहा संध्याकाळी वॉल्ट्झ शिकण्यासाठीही राखून ठेवा. गावात फुगडी जाणणारी एखादी आजी असेल तर तिलाही बोलवा. किती मागे रेलावे आणि हात किती घट्ट धरावेत, हे ती तुम्हांस अचूक सांगेल.