सरासरी जुळली, पण संध्याकाळचं काय?

संशोधनाच्या सुरुवातीला हाती बहुधा एखादं तयार मॉडेल येतं. ते चालवण्याआधी त्यात काय गृहीत धरलंय हे कसं वाचायचं? त्यासाठी आज एक जुनं, नावाजलेलं मॉडेल घेऊ.

वाळूच्या कणाएवढी उल्का साधारण 80 ते 120 किमी उंचीवर जळते आणि मागे आयनित हवेची रेघ सोडते. 30 ते 50 मेगाहर्ट्झच्या लहरी त्या रेघेवरून क्षणभर, कधी काही सेकंद परततात. तेवढ्यात छोटा संदेश पाठवायचा. अमेरिकेच्या स्नोटेल जाळ्याने डोंगरातल्या बर्फाच्या नोंदी अनेक वर्षं अशाच गोळा केल्या. मग मुळशी-ताम्हिणीच्या पावसाच्या का नाही? या लहरींना पाऊस जवळपास अडवतच नाही.

समजा, दुवा मुळशी ते नागपूर, सुमारे 650 किमी. मधला बिंदू लोणारच्या आसपास येतो. पण नेमकं तिथलंच आकाश सर्वांत उपयोगी असेल असं समजू नका. रेघ आरशासारखी योग्य कलात असावी लागते, म्हणून उपयोगी उल्का जास्त करून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सापडतात. एशलमन आणि मॅनिंग यांनी 1954 मध्ये मांडलेलं हे गणित आजही पक्कं आहे.

अडचण पुढे आहे. उल्का सगळ्या दिशांनी सारख्याच येतात, असं त्यात धरलं होतं. गणित सोपं होतं, पण त्यातून दिवसभराचा चढउतार निघूनच जातो. प्रत्यक्षात पहाटे आपण पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेला असतो, त्यामुळे सकाळी सहाच्या सुमारास उल्का सर्वाधिक आणि संध्याकाळी सहाला सर्वांत कमी. हॉकिन्स यांनी 1956 मध्ये रडारच्या नोंदींवरून दाखवलं की तुरळक उल्काही आकाशाच्या मोजक्या भागांतूनच जास्त येतात.

म्हणजे मॉडेलची दिवसाची सरासरी बरोबर येऊ शकते आणि तरीही ते फसवू शकतं. जुलैच्या संध्याकाळी ताम्हिणीत पाऊस कोसळतोय, धरणाकडे आकडा आत्ता पोचायला हवा. तिथे सरासरी थांबा काय कामाचा?

दुसरी त्रुटी जमिनीची. सोप्या मॉडेलमध्ये क्षितिज सपाट असतं. आपल्या दुव्यासाठी अँटेनाला मधलं आकाश सुमारे 15 अंशांवर दिसायला हवं. दोन किमीवरची 400 मीटर उंच कड एकटीच 11 अंश खाते. सह्याद्रीच्या दरीत हे विसरून चालणार नाही.

तेव्हा कुठलंही मॉडेल हाती आलं की तीन प्रश्न विचारा. काय सारखं धरलंय? कशाची सरासरी काढलीय? आणि सर्वांत वाईट तासाला उत्तर काय येतं? तिसऱ्याचं उत्तर पेपरमध्ये नसेल, तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.