पानाला पाठ असते

मध्ययुगीन युरोपातल्या लॅटिन प्रार्थनापोथ्यांची सजवलेली सुटी पानं आज चौकटीत घालून भिंतीवर लावतात. चर्मपत्रावरची अक्षरं, कडेला वेलबुट्टी, आद्याक्षराला सोन्याचा वर्ख. सुंदर आहेत, यात वाद नाही. पण अशा चौकटीत आपण नेमकं काय बघतो?

यातल्या पुष्कळ पोथ्या ‘बुक ऑफ अवर्स’ प्रकारच्या. आपण प्रहरांची पोथी म्हणू. तिच्यात दिवसाच्या आठ प्रार्थनावेळा असत. मरियेच्या प्रार्थनांमध्ये पहिल्या वेळेला बहुधा देवदूताच्या निरोपाचं चित्र, सकाळच्या ‘प्राइम’ला येशूजन्माचं. म्हणजे चित्र प्रसंग सांगायचं आणि वेळही सांगायचं. पान फाडलं की येशूजन्म उरतो, सकाळ जाते.

क्लीव्हलँडचे कलाशिक्षक ऑटो एगी यांनी अशा पोथ्या सोडवून पानं विकली. पन्नास पानांचा एक, असे चाळीस संच त्यांच्या नावावर आहेत. १९३८ साली त्यांनी लेख लिहून स्वतःला उघडपणे ग्रंथभंजक म्हणवून घेतलं. त्यांचा युक्तिवाद असा, की पोथी एका श्रीमंताच्या कपाटात राहण्यापेक्षा पानं अनेकांच्या हाती जावीत. हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नका. लहान गावातल्या विद्यार्थ्याला अस्सल पान बघायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण त्यात एक गृहीत लपलंय: पोथी म्हणजे पानांची बेरीज. तसं असतं तर गाण्यातला एकेक सूर वाटून गाणं वाटता आलं असतं.

हे लांबचं वाटत असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीकडे बघा. ठाकर समाजाची चित्रकथी. रामायण-महाभारतातल्या कथांची सुटी चित्रं, पण गठ्ठ्याला नाव ‘पोथी’च. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं गातो, एक प्रसंग संपला की चित्र उलटतो. आता त्यातलं एक चौकटीत घाला. पुढचा प्रसंग भिंतीकडे तोंड करून बसला! कथा तिथंच थांबली. लॅटिन पानाचंही तेच. मागच्या बाजूला पुढची प्रार्थना असते, ती कुणी वाचत नाही.

परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पिंगुळीत या कलेचं संग्रहालय उभं केलं. तिथं चित्रं बघता येतात आणि सादरीकरणही होतं, हे मला मोलाचं वाटतं.

चौकटीला माझा विरोध नाही. संग्रहालयांकडे मागणं एवढंच: पान कुठल्या पोथीतलं, कितवं, आणि पाठीवर काय आहे, हे शेजारी लिहा. पाठीचा फोटो लावा. आणि ज्या घरात पोथी अजून अख्खी आहे, तिथं ‘एखादं चित्र द्या ना’ असं म्हणण्याआधी ती एकदा पूर्ण ऐका.