दारेस्सलामचे पोट कोण भरते?

टांझानियातील दारेस्सलाम शहराची लोकसंख्या १९६७ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ७३ हजार होती. २०२२ च्या जनगणनेत ती सुमारे ५३ लाख ८४ हजार भरली. म्हणजे ५५ वर्षांत जवळजवळ २० पट! एवढ्या तोंडांना रोज घास कोण पुरवतो? मार्क वेगेरिफ यांनी नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठात २०१७ साली सादर केलेला प्रबंध याच प्रश्नाचा शोध घेतो.

त्यांची पद्धत साधी आहे. ताटातल्या पदार्थापासून मागे मागे जायचे. 'उगाली', म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, हे तिथले रोजचे अन्न. पीठ मिळते गल्लीतल्या 'दुका'मध्ये (हे आपल्या 'दुकान' शब्दाचेच भावंड). तिथे ते शहरातल्या गिरणीतून येते, आणि गिरणीत मका येतो शेकडो किलोमीटर दूरच्या शेतांतून. अंडी तर सायकलवरून येतात. ही साखळी कोणा एका कंपनीच्या ताब्यात नाही.

मोठे भांडवल आले की माल स्वस्त होतो, असा आपला समज असतो. वेगेरिफ यांना मात्र अंडी सुपरमार्केटपेक्षा दुकात स्वस्त आढळली. शिवाय तिथे एकच अंडे घेता येते आणि ओळखीवर उधारीही मिळते. शॉपराइट या दक्षिण आफ्रिकी कंपनीने २०१४ मध्ये टांझानियातून अंग काढून घेतले. गल्लीतले दुका मात्र टिकून आहेत. प्रबंधाचा हा भाग आम्हाला पूर्णपणे पटतो.

अडचण पुढे येते. या व्यवस्थेला वेगेरिफ 'सहजीवी' म्हणतात. जीवशास्त्राच्या शिक्षकांना ठाऊक असेल की द बारी यांनी एकोणिसाव्या शतकात ही संज्ञा रूढ केली, तेव्हा तिच्यात परजीवीही धरले होते. एकत्र राहणे म्हणजे परस्परांचे भले करणे नव्हे. कोणाला काय लाभ आणि काय हानी, हे प्रत्येक दुव्यावर मोजावे लागते.

मक्याबरोबर एक न बोलावलेला सोबतीही प्रवास करू शकतो, तो म्हणजे अ‍ॅस्परजिलस ही बुरशी. धान्य नीट वाळले नाही की ती वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. हे विष डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. २०१६ मध्ये मध्य टांझानियातील डोडोमा व मन्यारा भागांत या विषबाधेने अनेक माणसे दगावली. त्यांनी खाल्लेला मका घरच्याच शेतातला होता. स्वतःच्या शेतातल्या धान्यापेक्षा अधिक विश्वासाचे काय असणार?

विश्वासाने वजन, भाव आणि ताजेपणा सांभाळला जातो. विष ओळखायला चाचणीच लागते. म्हणून साखळी कंपन्यांच्या हाती द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. हजारो दुका तपासणे अशक्य आहे. पण मका वाटेत घाऊक बाजारांत आणि गिरण्यांत एकवटतो. तपासणी तिथे करावी, आणि वाळवण्याची सोय शेतावर पोहोचवावी. छोट्या व्यापाऱ्याचा कैवार आणि अन्नाची तपासणी यांत विरोध नाही.

वर्गात हा विषय घेताना मुलांना दोन प्रश्न द्यावेत: हे अन्न इथवर कसे आले? आणि वाटेत त्याची परीक्षा कोणी, कशी केली? वेगेरिफ यांनी पहिल्याचे उत्तर उत्तम दिले आहे. दुसऱ्यासाठी प्रयोगशाळेची मदत घ्यावीच लागेल.