न दिसणारें काम : ‘संत तुकारामा’च्या निमित्तानें

चित्रपट पाहून घरीं परतल्यावर आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोन प्रश्नांत आटोपते : गोष्ट कशी होती, आणि कामें कशीं झालीं? येथें ‘कामें’ म्हणजे नटनटींच्या भूमिका, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. भाषेची ही सवय मला फार सूचक वाटते. ज्या व्यवसायांत सुतारापासून संगीतकारापर्यंत अनेक माणसें राबतात, त्यांत ‘काम’ हा शब्द पांचदहा चेहऱ्यांच्याच वांट्याला यावा, आणि बाकीच्यांची बोळवण नामावळींतील एका ओळीनें व्हावी! टीकाकारांची दृष्टीहि याहून फारशी निराळी नसते. कथानकाचा सारांश, अभिनयाविषयीं चार विशेषणें आणि शेवटीं ‘छायालेखन उत्तम’ हा शेरा, एवढ्यावर परीक्षण पुरें होतें.

ही दृष्टि बदलते कशी, हें एका विद्यार्थ्याच्या तीन निबंधांवरून मला पाहावयास मिळालें. पदवीच्या वर्गांत साहित्यकृतींच्या जोडीला एखादा चित्रपट अभ्यासाला घ्यावा, असा परिपाठ मीं कांहीं वर्षें ठेवला आहे. त्या वर्षीं ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ घेतला होता. विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा १९३६ सालचा बोलपट. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. इतकें असूनहि विद्यार्थ्याच्या पहिल्या निबंधाचा इत्यर्थ एवढाच होता कीं, चित्रपट साधा आहे. ‘साधा’ हा शब्द त्यानें दूषण म्हणून योजला होता. चमत्कार भाबडे, मांडणी सरळ, देखावे मोजके. आजच्या प्रेक्षकाला त्यांत पाहण्यासारखें काय आहे, असा त्याचा प्रश्न.

मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. आरंभींचा भाग पुन्हां पाहावा, आणि एकदां तो डोळे मिटून नुसता ऐकावा, इतकेंच सुचविलें. चित्रपटाच्या आरंभीं तुकाराम विठ्ठलाच्या भजनांत तल्लीन झालेला आहे. लागलीच तेच शब्द आपण सालोमालोच्या तोंडून ऐकतों. देवळांत जमलेल्या लोकांपुढें तो ते स्वतःची रचना म्हणून मिरवीत असतो. शब्द तेच, देव तोच. पण एकाच्या गळ्यांत ती प्रार्थना आहे, दुसऱ्याच्या गळ्यांत तें प्रदर्शन आहे. हा मनुष्य खोटा आहे असें कोणी आपल्याला बजावीत नाहीं. चालीच्या वळणानें तें सांगितलें आहे, आणि दोन प्रसंग एकमेकांस लागून ठेवण्याच्या युक्तीनें सांगितलें आहे. विष्णुपंत पागनिसांची तन्मयता आपल्याला दिसते; परंतु त्या तन्मयतेला आणि तिच्या विडंबनाला निरनिराळा सूर देणारे संगीतकार केशवराव भोळे दिसत नाहींत. प्रसंगांची आणि संवादांची बांधणी करणारे शिवराम वाशीकरहि दिसत नाहींत.

दुसऱ्या निबंधांत ‘साधा’ हा शब्द पुन्हां आला. पण आतां त्याच्या मागें एक कुतूहल होतें. हा साधेपणा किती जणांनीं मिळून घडविला असेल? या प्रश्नाचा पाठपुरावा करतांना त्याला कळलें कीं, या चित्रपटाचे दोन्ही दिग्दर्शक मुळांत कारागीर होते. कोल्हापुरास बाबुराव पेंटरांच्या हाताखालीं दोघे तयार झाले. बाबुरावांनीं कॅमेरादेखील स्वतःच्या कारखान्यांत बनविला, आणि त्या खटपटींत दामले त्यांचे साथीदार होते. पुढें १९२९ सालीं ‘प्रभात’ निघाली, १९३३ सालीं ती पुण्यास आली. तेथें दामल्यांनीं ध्वनिलेखनाची बाजू सांभाळली, फत्तेलालांनीं कलाविभागाची. म्हणजे ‘संत तुकाराम’ घडविणाऱ्या दोघांपैकीं एकाचा कान आणि दुसऱ्याचा डोळा वर्षानुवर्षें कामांत मुरलेला होता.

बोलपटाची फीत दर सेकंदाला २४ चित्रें या वेगानें धांवते, मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या बोलपटांत अशीं १,७२,८०० चित्रें होतात, आणि त्यांतील प्रत्येकावर काय दिसावें हें कोणा ना कोणाला ठरवावें लागतें. मुलाच्या आजारानें संतापलेली जिजाई हातांत वहाण घेऊन विठोबाच्या देवळाकडे निघते, तेव्हां आपण गौरी या नटीच्या आवेशाची वाखाणणी करतों. ती योग्यच आहे. परंतु जिजाईचें घर घरासारखें वाटतें, देऊळ देवळासारखें वाटतें, म्हणून तो आवेश खरा वाटतो. हीच वहाण रंगविलेल्या कापडाच्या देवळावर उगारली असती, तर प्रेक्षकांना हंसूं आवरलें नसतें. विद्यार्थ्यानें हें आपल्या शब्दांत लिहिलें होतें, आणि तें वाचून मला समाधान वाटलें.

तिसरा निबंध मात्र तक्रारीचा होता. या चित्रपटांतील ‘आधी बीज एकले’ हें पद त्याला फार आवडलें होतें. गाथेंत सुमारें साडेचार हजार अभंग आहेत. त्यांत तें सांपडेना, म्हणून शोध घेतां तें शांताराम आठवल्यांनीं या चित्रपटासाठीं लिहिलेलें असल्याचें त्याला समजलें. अनेकांनीं तें तुकोबांचेंच मानलें, आजहि मानतात. विद्यार्थी अस्वस्थ झाला. दुसऱ्याच्या अभंगावर आपलें नांव घालणाऱ्या सालोमालोचा आपण धिक्कार करतों. मग ज्या चित्रपटांत त्याचें पाप उघडें पडतें, त्याच चित्रपटांत हें कसें चाललें? ही श्रोत्यांची फसवणूक नव्हे काय?

प्रश्न वरवरचा नाहीं. पण सालोमालो आणि आठवले यांचे मार्ग परस्परांच्या उलट दिशेनें जातात. सालोमालो दुसऱ्याच्या शब्दांवर आपलें नांव चढवितो. आठवल्यांनीं आपले शब्द दुसऱ्याच्या मुखांत शोभतील इतके त्याच्या वळणाचे केले. पहिली चोरी आहे, दुसरी सेवा आहे. चित्रपटांतील बहुतेक उत्तम कामाची हीच गति असते : तें जितकें चांगलें साधतें, तितका त्याचा कर्ता नजरेआड होतो. म्हणूनच कर्त्याचें नांव सांगणें हें टीकाकाराचें कर्तव्य ठरतें. प्रेक्षक विसरला तर तो रसाचा विजय म्हणावा; टीकाकार विसरला तर ती कृतघ्नता होय.

यावर आक्षेप असा येतो कीं, कारागिरीचें मर्म कळल्यावर रस उरत नाहीं. शेवटीं तुकाराम वैकुंठास जातो, तो देखावा कोणत्या युक्तीनें साधला हें कळलें कीं गरुडाचे पंख गळून पडणार! मला तसें वाटत नाहीं. मैफलींत ज्याला सुराची जाण आहे, त्याचा आनंद अडाण्याहून कमी असतो काय? भाबड्या विस्मयाच्या जागीं जाणता विस्मय येतो, आणि तो अधिक टिकतो.

मात्र श्रमांची जाण म्हणजे श्रमांची जाहिरात नव्हे. अमुक कोटींचा खर्च, अमुक दिवसांचें चित्रीकरण, अमुक नटानें घटविलेलें वजन, असल्या मजकुराचा हल्लीं सुकाळ आहे. त्यानें कौतुक वाढतें, समज वाढत नाहीं. श्रम हा स्वतः गुण नव्हे; वाईट चित्रपटामागेंहि माणसें रात्रंदिवस खपलेलीं असतात. कोणत्या कामानें कोणता परिणाम साधला, हें दाखवितां आलें तरच ती रसिकता.

ही दृष्टि आपल्याकडे परकी नाहीं. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनीं भांडवल मिळविण्याकरितां आधीं रोपाच्या वाढीची एक लहानशी फीत करून दाखविली होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं फितीला भोंकें पाडण्यापासून कंपनीच्या मंडळींच्या जेवणापर्यंतचा भार वाहिला. पुढें फाळक्यांनीं चित्रपट कसा तयार होतो हेंच दाखविणारी एक फीत काढली. तिचा कांहीं अंश उपलब्ध असून तींत ते स्वतः काम करतांना दिसतात. ज्यानें हा मायाबाजार आपल्याकडे उभारला, त्यालाच त्यामागील कष्ट लोकांपासून लपवावेसे वाटले नाहींत.

‘प्रभात’च्या त्याच आवारांत १९६० पासून चित्रपटविद्येचें शिक्षण दिलें जातें. परंतु सर्वांनींच कांहीं तेथें जावयास नको. घरांतलीं मुलें चित्रपट पाहून आलीं आणि ‘कामें छान झालीं’ असें म्हणालीं, तर वडीलधाऱ्यांनीं एवढेंच विचारावें : कोणाकोणाचीं?