अडुसष्ट बाय पंचाहत्तर

"नखानं बघा," मिस्त्री म्हणाले.

हेड उतरवलेलं होतं. पहिल्या सिलिंडरच्या तोंडापासून मी नख हळूहळू खाली सरकवलं. काठाखाली जरासं गेल्यावर ते एका बारीक पायरीत अडकलं. ही पायरी कोणी पाडलेली नव्हती. पिस्टनची वरची रिंग जिथवर येऊन परत फिरते तिथवरचा धातू झिजला होता आणि त्याच्या वरची कड कोरी राहिली होती. रिंग वर पोचते तेव्हा पिस्टन क्षणभर थबकतो. दाब सर्वांत जास्त तिथेच, आचही तिथेच, आणि तेलाचा थर मात्र सर्वांत पातळ. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा झाला की पिस्टन एका अंगाला रेलतो, त्यामुळे बोअर गोल न राहता किंचित लांबट होतो. डायल गेज आत सोडून फिरवला की काटा हे सगळं बोलून दाखवतो. वडिलांनी वापरलेली आणि नंतर माझ्याकडे आलेली ही पद्मिनी. तिच्या चार बोअरमध्ये आमच्या घरची किती वर्षं उतरली होती, ते त्या दिवशी बोटाला कळलं.

बोअर अडुसष्ट मिलिमीटर, स्ट्रोक पंचाहत्तर. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. ही मापं पद्मिनीची नाहीतच मुळी. १९३७ साली फियाटनं ५०८ सी ही गाडी काढली, तिच्यातली ही मापं. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं, आणि मापं तीच राहिली. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा असल्यामुळे हे इंजिन फार वर फिरायला तयार नसतं, पण खालच्या फेऱ्यांवर मन लावून ओढतं. तिसऱ्या गियरमध्ये, सायकलवाल्याच्या मागून, अजिबात हिसका न देता ती जी चालते, ती या दोन आकड्यांची करामत आहे. ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती. पण ती कुठे आणि कशी मिळते, यात सगळा स्वाद.

ही मापं वाढवण्याचा मोह खुद्द फियाटलाही झाला होता. इटलीत विकल्या गेलेल्या ११०० डीमध्ये स्ट्रोक तोच ठेवून बोअर बहात्तर केला होता, म्हणजे १२२१ सीसी. आपल्याकडे आजही कोणी जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन सुचवतो, कोणी तेज कॅमशाफ्ट, तर कोणी थेट प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निस्सान घराण्यातलं इंजिन बसवायचा सल्ला देतो. ती इंजिनं चांगलीच आहेत. पण तेज कॅम घातला की आयडलिंगची शांतता जाते, आणि जे खालून ओढणं मला हवं आहे तेच वर, भरधाव फेऱ्यांकडे सरकतं. मग गाडी पळते, पण ती दुसऱ्याच कोणाची तरी असते.

म्हणून ब्लॉक बोरिंगला दिला. पूर्वी दोनदा ओव्हरसाइज झालेला होता, आणखी कापायला धातू पुरेसा नव्हता. अशा वेळी स्लीव्ह घालतात: बोअर मुद्दाम मोठा करायचा, त्यात ओतीव लोखंडाची नळी दाबून बसवायची आणि ती पुन्हा मूळ मापाला आणायची. मला या कामाइतकं सुंदर काम गॅरेजमध्ये दुसरं दिसलेलं नाही. ब्लॉक जुनाच, त्यावरचा नंबर जुनाच, आणि आत पुन्हा अडुसष्ट. शेवटी होनिंग करतात तेव्हा दगड फिरता फिरता वर-खाली होतो आणि भिंतीवर तिरप्या रेघांची एकमेकींना छेदणारी जाळी उमटते. उजेडात धरली तर पैठणीच्या काठासारखी झळकते. ती शोभेची नाही. त्या रेघांमध्ये तेल थांबतं आणि नव्या रिंगा तिच्यावरच घासून बसतात. अगदी गुळगुळीत बोअर हा दोष आहे, हे मला चाळिशीनंतर कळलं.

क्रँक ग्राइंड करून नवे शेल घातले, व्हॉल्व्ह लॅप केले. ते रीतसर झालं.

खरा प्रश्न कार्बोरेटरपाशी आला. सोलेक्स ३२, हा आकडा थ्रॉटलच्या नळीच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. आयडलिंग एकसारखं राहत नव्हतं, चढायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. एका दुकानातून नवाकोरा, तसाच दिसणारा कार्बोरेटर आणला. आठवडाभर लावून पाहिला. गाडी सुरू व्हायची, धावायची, पण पाय किंचित दाबला की एक पोकळ क्षण यायचा, बोलता बोलता माणसाला शब्द आठवू नये तसा. जेट काढून पाहिले तर त्यांच्यावरचे आकडे जुन्याशी जुळत नव्हते. दिसायला तोच होता, फक्त प्रमाण निराळं होतं.

मग जुना पुन्हा टेबलावर घेतला. थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरून हलवला, तर तो कुईं करत डगडगला. तितक्या फटीतून चोरटी हवा आत जात होती आणि मिश्रण पातळ करत होती. सगळ्या गडबडीचं मूळ एवढंच. मिस्त्रींनी बॉडीची भोकं रीमरनं मोठी केली, पितळी बुश ठोकले, नवा स्पिंडल लेथवर करून घेतला. तो बसवून त्यांनी थ्रॉटल उघडून सोडला, आणि तो आपसूक, अजिबात न अडखळता, टक् करून मिटला. त्या एका टक् साठी मी नवा कार्बोरेटर कपाटात ठेवून दिला.

इंजिन ज्या भागांनी बोलतं ते दुरुस्त करायचे, आणि ज्या भागांनी नुसतं खातंपितं ते बदलायला हरकत नाही, असं माझं मत तिथे पक्कं झालं. बोअर, कॅम, कार्बोरेटर, टॅपेटची ती हलकी टिकटिक, हा तिचा आवाज. पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदा हा आवाज नव्हे. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, तडकतं. तिथे जुन्याचा आग्रह म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोल गळू देणं. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. उन्हाळ्यात खंबाटकी घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकणारे वडील मला आठवतात. पेट्रोलची वाफ होऊन झालेला व्हेपर लॉक सुटेपर्यंत आम्ही कठड्यावर बसून राहायचो. ती आठवण मला प्रिय आहे, पण माझ्या मुलीला भर उन्हात तिथे बसवायची इच्छा नाही. मेकॅनिकल पंप जागेवर ठेवून मागे टाकीजवळ एक छोटा विजेचा पंप जोडला. घाटात तेवढा चालू करायचा.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटरही आला. डायनॅमो आयडलिंगवर चार्ज करत नाही, सिग्नलला उभं राहिलं की दिवे मिणमिणतात. आजच्या हायवेवर रात्री ते धोक्याचं आहे.

इग्निशनचं मात्र अजून ठरत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं तर बाहेरून कोणाला कळणारही नाही, पॉइंटची फट पुन्हा पुन्हा लावावी लागणार नाही, थंडीत पहिल्या चावीला गाडी सुरू होईल. मिस्त्री म्हणतात, "घाला साहेब, यात काय बोलतंय?" त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. पण फीलर गेजची पात पॉइंटमध्ये सरकवताना जो हलका अडथळा बोटाला लागतो, तेवढ्या अंदाजावर वडील दर दोन महिन्यांनी फट लावायचे, आणि गाडी सुरू झाली की टोपी पुसता पुसता कान देऊन ऐकायचे.

आज ग्लव्ह बॉक्समध्ये त्यांचाच पत्र्याचा डबा आहे. त्यात जादा पॉइंटचा सेट, एक कंडेन्सर, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा आणि पाती काळ्या पडलेला तोच फीलर गेज.