घर स्थिर की रास?

सोलापूर हे पंचांगाचे गाव. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लक्ष्मणशास्त्री दाते यांनी इथे सुरू केलेले पंचांग शंभरी ओलांडून आजही घरोघरी जाते. पंधरवड्याच्या एका पानावर तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, सणवार आणि ग्रहस्थिती बसवायची, आणि तरी ते पान शेतकऱ्यापासून पुरोहितापर्यंत सगळ्यांना वाचता आले पाहिजे, ही मांडणीची मोठी कसोटी होती. छापील पंचांगाने ती पार केली. पत्रिका काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ती अजून नीट साधलेली नाही.

पत्रिकेवरून भविष्य कळते का, हा प्रश्न वेगळा. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत ज्योतिषांची उत्तरे नाणेफेकीहून सरस ठरली नव्हती. तरीही जन्मवेळेचे आकाश एका चौकोनात बसवण्याची कला शतकानुशतके घडत आली आहे आणि लाखो लोक ती रोज पडद्यावर पाहतात. त्या कलेची समीक्षा व्हायला हवी.

सोलापुरात मराठीबरोबर कानडी आणि तेलुगू घरे शेजारी नांदतात. त्यामुळे पत्रिकेच्या दोन्ही पद्धती इथे ओळखीच्या आहेत. मराठी पत्रिकेत घरे स्थिर असतात. वरच्या मधल्या चौकटीत लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तिथून डावीकडे उलट्या क्रमाने बारा भाव, आणि राशी आकड्यांनी लिहिलेल्या. कर्क लग्न असेल तर वरच्या चौकटीत 4 हा आकडा येतो. तो चौथे घर दाखवत नाही, चौथी रास दाखवतो. दक्षिणी पत्रिकेत याच्या उलट राशी स्थिर असतात. डाव्या वरच्या कोपऱ्यात मीन, शेजारी मेष, आणि घड्याळाच्या दिशेने पुढच्या राशी. लग्न फक्त एका खुणेने दाखवतात.

बहुतेक सॉफ्टवेअर या दोहोंना केवळ दोन पोशाख समजतात. एक बटण दाबले की उत्तरी, म्हणजे मराठी, दुसरे दाबले की दक्षिणी. पण दोन्हींत नजर वेगळी चालते. ‘सप्तमात कोण आहे?’ हे मराठी पत्रिकेत खालच्या मधल्या चौकटीकडे पाहिले की कळते. ‘आजचा शनी जन्मीच्या चंद्रापासून कितवा?’ हे दक्षिणी पत्रिकेत चटकन दिसते, कारण राशी हलत नाहीत आणि गोचर ग्रह त्याच घरांत लिहिता येतात. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून, एकीत ग्रहाला बोट लावताच दुसरीतही तो उठून दिसावा, ही सोय प्राथमिक मानायला हवी. ती क्वचितच मिळते.

जागेचा प्रश्न याहून अवघड. मराठी पत्रिकेत चार केंद्रस्थाने प्रत्येकी चौकोनाचा 1/8 भाग व्यापतात, उरलेली आठ त्रिकोणी घरे प्रत्येकी 1/16. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत राहू सोडून आठही ग्रह एकत्र आले होते. देशभर त्या अष्टग्रहीची धास्ती होती. 4 फेब्रुवारीला रात्री आठच्या सुमारास सोलापुरात जन्मलेल्या मुलाचे लग्न सिंह येते, म्हणजे मकर सहाव्या घरात, खालच्या डाव्या त्रिकोणात. त्यात र, चं, मं, बु, गु, शु, श, के ही आठ अक्षरे मावतील कशी? दक्षिणी पत्रिकेतले घरही 1/16 एवढेच, पण चौकोनी असल्यामुळे दोन ओळींत सगळे बसते. त्रिकोण टोकाकडे निमुळता होत जातो आणि अक्षरे रेषेवर चढतात. अनेक सॉफ्टवेअर तिथे अंश-कलाही कोंबतात. अंश तक्त्यात जावेत, घरात फक्त ग्रह राहावा.

लिपीचे भानही कमी दिसते. शनीचा ‘श’ आणि शुक्राचा ‘शु’ यांत फरक एका उकाराचा. ओळींमधले अंतर इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने धरले की मोबाइलवर खालचा उकार कापला जातो आणि शुक्राचा शनी होतो. देवनागरीला खाली मात्रांसाठी जागा लागते. ती सोडली की चूक टळते.

टॅरोच्या सॉफ्टवेअरमध्येही जागेचा हाच पेच आहे. 78 पत्त्यांच्या संचातून दहा पत्ते मांडण्याची ‘सेल्टिक क्रॉस’ पद्धत आर्थर वेट यांच्या पुस्तकामुळे जगभर गेली. तिथे जागांचा अर्थ ठरलेला आणि पत्ते बदलते, म्हणजे वृत्ती मराठी पत्रिकेचीच. दुसरा पत्ता पहिल्यावर आडवा पडतो. टेबलावर खालचा पत्ता उचलून पाहता येतो. पडद्यावर तो झाकलाच जातो. ज्या रचनेत पत्त्याला स्पर्श करताच वरचा बाजूला सरकतो, ती रचना वाचणाऱ्याचा हात ओळखते. सगळे पत्ते सरळ रांगेत मांडणारी रचना जागेचा अर्थच घालवते.

पडद्याने एक मोठी गोष्ट मात्र दिली आहे. जन्मवेळ चार-पाच मिनिटे मागे-पुढे सरकवून पत्रिका ताबडतोब बदलताना पाहता येते. राशीसंधीजवळ जन्म असेल तर लग्नच बदलते. कागदावर हे करायला नव्याने गणित मांडावे लागे. पण मराठी पत्रिकेत लग्न बदलताच सगळे आकडे आणि ग्रह एकदम जागा सोडतात आणि पाहणारा गोंधळतो. तो बदल एकेक घर सावकाश सरकताना दाखवला, तर लग्नाच्या सरकण्याने काय होते हे नवख्यालाही डोळ्यांनी समजेल. गणिताचा प्रश्न सुटलेला आहे. आता निर्मात्यांनी प्रोग्रामरच्या शेजारी एक पंचांगकर्ता आणि एक देवनागरीचा अक्षररचनाकार बसवावा. सोलापुरात यातला पहिला शंभर वर्षांपासून कामाला बसलेला आहे.